फ्रीजरला उलथनं लागलं, काच तडकली, मिक्सर पडला: वॉरंटीत काय बसतं आणि बसत नसेल तर पुढे काय करायचं

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे आइस्क्रीमचा डबा फ्रीजरच्या बर्फाला चिकटून बसला. पाहुणे बाहेर वाट बघत होते. मी ओट्यावरचं उलथनं घेतलं आणि डब्याच्या बुडाशी खुपसलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा बारीक 'फुस्स' आवाज आला आणि थोड्या वेळाने थांबला. संध्याकाळी दूध कोमट. फ्रीज आठ महिन्यांचा, दारावर 'कंप्रेसर १० वर्षं' असं चकचकीत स्टिकर. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन आला, फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर टॉर्च मारला आणि नखाने एक टाचणीएवढं भोक दाखवलं. 'मॅडम, हे वॉरंटीत नाही बसत.'

चूक माझीच होती, भांडायला जागा नव्हती. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीजरची भिंत म्हणजेच गॅस फिरवणारी नळी असते. ती फोडली की कंप्रेसरची दहा वर्षं कंप्रेसरपाशीच राहतात. पण त्याआधी मिक्सरच्या बाबतीत माझी चूक नसतानाही मी हरले होते, ते निव्वळ एका कागदावर न वाचता सही केल्यामुळे. हा लेख त्या दोन अनुभवांतून आला आहे. वॉरंटीचा बहुतेक वाद 'वस्तू बिघडली का' यावर नसतो, 'कशाने बिघडली' यावर असतो. आणि ते 'कशाने' पहिल्या एक-दोन दिवसांत कागदावर जसं उतरतं तसंच पुढे राहतं.

(फ्रीजरमधून असा आवाज आला तर आधी खिडक्या उघडा आणि शेगडी पेटवू नका. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६०० ए हा गॅस असतो. तो थोडाच असतो, पण जळणारा असतो.)

पायरी १: कार्डाची मागची बाजू वाचा

कंपनीची वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. माल किंवा बनावट सदोष निघाली तर आम्ही दुरुस्त करू किंवा भाग बदलून देऊ, एवढंच तिचं म्हणणं असतं. वस्तू हातातून पडली, पाणी शिरलं, उंदराने वायर कुरतडली, वीज कमी-जास्त झाली, बाहेरच्या माणसाने उघडली, सीरियल नंबरचं स्टिकर निघालं, खाणावळीत वापरली: या सगळ्या गोष्टी जवळजवळ प्रत्येक कार्डात 'लागू नाही'च्या यादीत सापडतात. झुरळं आणि पालीसुद्धा. इंडक्शनच्या पंख्यातून झुरळ आत गेलं आणि सर्किटवर भाजून निघालं, तर तो अपघात तुमच्या खात्यावर.

समोर मोठ्या अक्षरात लिहिलेली वर्षं कुठल्या भागाची आहेत ते बघा. मिक्सरच्या खोक्यावर 'मोटर ५ वर्षं' असतं, पण भांडं, पातं, कपलर, झाकण यांची मुदत वेगळी, आणि बरेचदा नसतेच. कपलर म्हणजे भांड्याखालचं रबरी किंवा प्लास्टिकचं चाक. मोटरवर जोर आला की आधी ते तुटावं अशीच त्याची रचना असते, म्हणून ते घासून जाणाऱ्या भागांत धरतात. मायक्रोवेव्हच्या आत भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो. तेल उडून तो जळला की ठिणग्या उडतात आणि घरात घबराट होते. तोही सहसा वॉरंटीत नसतो, पण स्वस्तात बदलून मिळतो. त्यासाठी मायक्रोवेव्ह भंगारात देऊ नका.

काच हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर पुढे येते.

मिक्सरच्या बुडाशी असलेली धातूची किंवा कागदी पट्टीही वाचा. 'रेटिंग ३० मिनिटं' असं तिथे दिसलं तर सलग अर्धा तास फिरवायचा परवाना मिळाला असं समजू नका. बऱ्याच मिक्सरच्या पुस्तिकेत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असा क्रम दिलेला असतो. होळीला दोन किलोचं पुरण एका दमात वाटलं आणि मोटर जळाली, तर कंपनी 'ओव्हरलोड' म्हणणार आणि पुस्तिका त्यांच्या बाजूने बोलणार. त्याआधी बुडाखालचं लाल बटण दाबून बघा. ओव्हरलोडमुळे ते वर उडालं असेल तर मिक्सर थंड झाल्यावर ते आत दाबलं की बरेचदा काम भागतं.

पायरी २: घटना घडली की हात आवरा

आपला पहिला कल असतो पुसून टाकण्याकडे. काचा गोळा करायच्या, ओटा स्वच्छ करायचा, मग फोन. उलटं करा.

आधी मेन स्विच बंद करा किंवा कोरड्या हाताने प्लग काढा. तडकलेल्या इंडक्शनवर 'बघू चालतंय का' म्हणून पुन्हा भांडं ठेवू नका. उतू गेलेलं दूध त्या रेषेतून थेट आतल्या सर्किटवर जातं. मग फोटो काढा: एक लांबून, ज्यात वस्तू, प्लग आणि आजूबाजूची जागा दिसेल, एक जवळून, आणि एक सीरियल नंबरचा. पाणी गळत असेल, आवाज येत असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला 'जरा उघडून बघ' म्हणू नका. एक स्क्रू फिरवलेला दिसला तरी 'अनधिकृत दुरुस्ती' हे कारण तयार होतं.

त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा: किती वाजता, कोण वापरत होतं, काय दिसलं, काय ऐकू आलं. मी स्वतःलाच व्हॉट्सॲप करते, तारीख-वेळ आपोआप पडते.

बिल शोधा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं, म्हणून घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढलेला बरा. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे मोबाईल नंबरवरून प्रत निघते का विचारा. बँकेची नोंद, ऑनलाइन ऑर्डरचं पान, बसवून देणाऱ्याची पावती, हेही खरेदीचे पुरावेच आहेत.

पायरी ३: कस्टमर केअरला काय सांगायचं

खोटं बोलू नका आणि अंदाजही सांगू नका. दोन्ही सारखंच महागात पडतं.

'काय झालं?' असं पलीकडून विचारलं की आपण सहज म्हणतो, 'काय माहीत, मुलांनी पाडला असेल.' हे 'असेल' संगणकात 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार वस्तू पडली' असं नोंदवलं जातं. पाहिलं तेवढंच सांगा: 'काल सकाळी चटणी वाटताना जळका वास आला, मिक्सर थांबला, त्यानंतर सुरू होत नाही.' आणि खरोखर पडला असेल तर तसं सरळ सांगा. तुम्ही अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर पडल्याचीच भरपाई मिळणार आहे. आज 'आपोआप बंद पडला' म्हणायचं आणि चार दिवसांनी प्लॅनवाल्याला 'पडला' म्हणायचं, असं केलं तर दोन्हीकडून नकार येतो.

तक्रार नंबर घ्या. फोन झाल्यावर तोच मजकूर ईमेलने पाठवा. आणि टेक्निशियन येण्याआधी विचारून ठेवा की वॉरंटीत बसलं नाही तर व्हिजिट चार्ज किती. तो बहुतेक ठिकाणी लागतो, नंतर दारात वाद नको.

पायरी ४: जॉब शीट (टेक्निशियन भरतो तो भेटीचा अहवाल), म्हणजे जिथे मी हरले

माझा मिक्सर दीड वर्षाचा होता, मोटरची वॉरंटी बाकी होती. ओलं खोबरं वाटताना थांबला. टेक्निशियनने खालचं झाकण उघडलं, आत बघितलं, मोबाईलवर काहीतरी भरलं आणि स्क्रीन पुढे केली: 'इथे सही करा, मी आलो होतो म्हणून.' मी बोटाने सही केली. दोन दिवसांनी मेसेज आला, लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही. माझ्या सहीच्या वर तेच लिहिलेलं होतं.

खरी गोष्ट काय होती? त्याच्या भांड्याचा बुश पहिल्या काही महिन्यांतच गळायला लागला होता. बुश म्हणजे पात्याचा दांडा जिथून खाली उतरतो ती पितळी बैठक. ती झिजली की वाटणाचं पाणी थेंबाथेंबाने मोटरीत उतरतं. म्हणजे पाणी आत गेलं हे खरंच, पण ते माझ्या हातून सांडलेलं नव्हतं. गळतीबद्दल मी आधी एकदा फोनही केला होता, नंबर जपून ठेवला नव्हता. हा मुद्दा त्या वेळी, त्या माणसासमोर, त्या कागदावर यायला हवा होता.

आता मी असं करते. टेक्निशियन वस्तू उघडतो तेव्हा शेजारी उभी राहते आणि त्याला विचारून आतला फोटो काढते. तो बिचारा दिवसाला पंधरा घरं फिरत असतो, त्याच्याशी तावातावाने बोलून काही मिळत नाही. चहा विचारावा आणि एकच प्रश्न करावा: 'दादा, हे कशामुळे झालं असं तुम्ही लिहिताय?' जे लिहिलं ते वाचावं. पटलं नाही तर सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहावं, 'निदान मान्य नाही, वस्तू पडलेली नाही, भांडं गळत असल्याची तक्रार आधी केली आहे.' मोबाईलवर तशी जागा नसेल तर सही न करता त्याच तासात तक्रार नंबरवर ईमेल करावा. प्रत मागून घ्यावी.

आणि कारण-परिणाम जुळतात का हे तपासा. जानेवारीत मिक्सरचं झाकण पडून चिरलं आणि मार्चमध्ये मोटर जळाली, तर 'फिजिकल डॅमेज आहे' एवढ्यावर मोटर नाकारता येऊ नये. चिरलेल्या झाकणामुळे मोटर कशी जळाली ते लेखी द्या, असं म्हणा. माझा अनुभव असा की एवढं विचारल्यावर प्रकरण बहुतेक वेळा वरच्या माणसाकडे जातं.

काच आपोआप फुटली तर

काचेच्या शेगडीची, चिमणीची किंवा ओव्हनच्या दाराची टफन्ड काच कोणी हात न लावता रात्री फटकन फुटते आणि घरातले एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. असं खरंच होऊ शकतं. काच तयार होताना निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण आत राहिला तर तो पुढे केव्हातरी फुगतो आणि काच आतून फुटते. अशा काचेत जिथून फूट सुरू झाली तिथे बरेचदा शेजारी-शेजारी दोन मोठे, बहुकोनी तुकडे दिसतात, फुलपाखराच्या पंखांसारखे. आपटून फुटलेल्या काचेत आघाताच्या जागी चुरा किंवा टवका दिसण्याची शक्यता जास्त. कडेला बसलेला जुना टवका, किंवा बर्नरची ज्योत मोठ्या कढईखालून काचेवर परतणं, ही कारणंही असतात.

म्हणून काच झाडून टाकण्याआधी वरून सरळ एक फोटो काढा, तुकडे जागेवर असतानाच. कुठून किरणांसारख्या रेषा निघाल्या आहेत ते त्यात दिसतं. अनेक कंपन्या काच सरसकट वगळतात, काही काचेवर वेगळी मुदत देतात. शेगडी घेताना दुकानात हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती ना?

काउंटरवर 'अजून थोडे भरा, तीन वर्षं टेन्शन नाही' म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा मूळ वॉरंटीचंच शेपूट असतं. पहिल्या वर्षी जे वगळलेलं, तेच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही वगळलेलं. पडणं-फुटणं हवं असेल तर 'अपघाती आणि द्रव नुकसान' असा शब्द कागदावर हवा. असे प्लॅन मोबाईल-लॅपटॉपसाठी सर्रास मिळतात, स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी कमी.

मिळत असेल तर पैसे देण्याआधी विचारा: प्लॅन कंपनीचा, दुकानाचा की तिसऱ्याच कोणाचा? नुकसान झाल्यावर किती तासांत कळवायचं? भरपाईतून घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्यामुळे घटलेली किंमत, कापणार का? काच आणि भांडी धरली आहेत का? माझं मत विचाराल तर तीन-चार हजारांच्या मिक्सरसाठी किंवा इंडक्शनसाठी असा प्लॅन घेऊ नये, तेच पैसे डब्यात टाकावेत. डबल डोअर फ्रीज, डिशवॉशर, भिंतीत बसवलेला ओव्हन असेल तर विचार करायला हरकत नाही.

घराचा विमा आणि वीज

२०२१च्या जुलैमध्ये चिपळूणच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा फ्रीज-मिक्सर चिखलात गेले. पूर ही नैसर्गिक आपत्ती, म्हणजे वॉरंटीबाहेर. इथे कामाला येतो घराचा विमा. १ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी विमा कंपन्या देतात. आग, पूर, भूकंप, वीज कोसळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात धरलेलं आहे. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेने कदाचित ही पॉलिसी आधीच काढलेली असेल, फाइल उघडून बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हातातून पडलेला मिक्सर यात बसत नाही. आणि शॉर्टसर्किटने जो फ्रीज स्वतः जळाला त्याची भरपाई यात नाही, पण त्याच्या आगीने शेजारचा मायक्रोवेव्ह जळाला तर त्याची मिळू शकते. जळालेल्या यंत्राचीच भरपाई हवी असेल तर घरगुती उपकरणांच्या बिघाडाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या, विमा कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत वस्तू फेकू नका. ओला फ्रीज चालू करून बघू नका.

खांबावरची न्यूट्रल तार तुटली की घरात २३० व्होल्टऐवजी ४००च्या आसपास दाब येऊ शकतो आणि एका मिनिटात तीन-चार वस्तू एकदम जातात. एकाच वेळी अनेक वस्तू गेल्या असतील तर कंपनीला फोन लावण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. सगळ्यांकडे झालं असेल तर महावितरणच्या १९१२ नंबरवर नोंद करा, मग शाखा कार्यालयात सर्वांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरपाईचा प्रश्न नंतरचा, पण ती नोंद नसेल तर त्या प्रश्नाला सुरुवातच होत नाही.

आणून देतानाच पोचा पडला असेल

वाहतुकीतलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत सहसा नसतं, ती विकणाऱ्याची जबाबदारी. खोकं फाटलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर (चलनावर) 'खोकं फाटलेलं, आतली वस्तू तपासलेली नाही' असं लिहूनच सही करा, आणि उघडताना व्हिडिओ काढा.

पायरी ५: नकार चुकीचा वाटत असेल तर

आधी नकार लेखी मागा, कार्डातल्या कुठल्या अटीखाली नाकारलं ते नमूद करून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि ते तक्रार थेट कंपनीकडे पाठवतात. माझ्या मिक्सरचं प्रकरण तिथे नेल्यावर कंपनीने अर्ध्या किमतीत मोटर बदलून दिली. फोटो असते तर पूर्ण मिळाली असती असं मला अजूनही वाटतं. मुंबईत आणि आसपास असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्राचाही उपयोग होतो.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी तुम्हाला साताऱ्याबाहेर जायची गरज नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून मधल्या काळात ती दुरुस्त करून घेऊ नका आणि भंगारवाल्याला देऊ नका.

डबे देणाऱ्या किंवा छोटी खाणावळ चालवणाऱ्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. 'व्यावसायिक वापर' म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकते. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वस्तू वापरणारी व्यक्ती कायद्याने 'ग्राहक'च असते. त्यामुळे मुळातच सदोष असलेल्या वस्तूबद्दल आयोगाचं दार त्यांना बंद नाही. दुकानातच व्यावसायिक वापराचा मिक्सर मागितला तर ही वेळच येत नाही, किंमत मात्र जास्त पडते.

फ्रीजचं काय झालं? कंपनीने फ्रीजरचा सगळा भाग बदलायचा अंदाज दिला, तो भलताच होता. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला भोक बुजवून गॅस भरून द्यायला तयार होता, निम्म्याहून कमी पैशांत. पण त्याने हात लावला की कंप्रेसरची उरलेली नऊ वर्षं गेली. दोन दिवस दूध शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून हिशेब केला आणि कंपनीकडूनच करून घेतलं. जाताना टेक्निशियनने भाज्यांच्या ट्रेमागून एक प्लास्टिकची खरवडणी काढून हातात दिली. ती फ्रीजबरोबरच आलेली होती, पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती.